ठेव, व्याज आणि वचन : प्रस्तावना

आपल्या श्रमांना विराम पडल्यानंतरही घरात चूल पेटती राहावी, औषधपाण्याचा खर्च कोणापुढे हात न पसरता भागावा आणि मुलाबाळांच्या मिळकतीवर आपल्या म्हातारपणाचा भार पडू नये, ही इच्छा लोभाच्या सदरात घालण्याजोगी नाही. ती गृहस्थधर्माचाच एक भाग आहे. महाराष्ट्रात ही इच्छा पिढ्यानुपिढ्या निरनिराळी रूपे घेत आली. कोणाचे वतन असे, कोणाला इनाम असे, कोकणात कोणाकडे गावाची खोती असे, देशावर कोणाची जमीन कुळाकडे असून खंडाचे धान्य सुगीनंतर दारात येऊन पडे, आणि ज्याला मुंबईपुण्यात चार पैसे गाठीला बांधता आले तो एखादी चाळ उभारून भाड्यावर निश्चिंत होई. ही उत्पन्ने चंद्रसूर्य असेतोवर चालू राहतील, असे ती भोगणारांना मनापासून वाटत असे. तथापि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई इलाख्यातील जुन्या घरांचे प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडून टाकले; १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले; १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाली. हे कायदे कसणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या न्याय्य हक्काचे होते, त्यांविषयी खंत बाळगण्याचे काही कारण नाही. परंतु अवघ्या दहा वर्षांच्या अवधीत बसल्या जागेच्या उत्पन्नाचे चार परंपरागत मार्ग बंद झाले किंवा आटले, ही गोष्ट या विषयाचा विचार करू पाहणाऱ्याने आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्यातून जो सिद्धान्त निष्पन्न होतो त्यावरच पुढील सर्व विवेचन उभे आहे.

तो सिद्धान्त असा की, ज्या उत्पन्नासाठी आपल्याला रोज श्रम करावे लागत नाहीत, ते उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांतून निर्माण होत असते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वचनाच्या बळावर आपल्यापर्यंत पोचत असते. वतनामागे राजसत्तेचे वचन होते, खंडामागे कुळाच्या घामाचे धान्य होते, भाड्यामागे भाडेकरूची कबुलायत होती. सत्ता पालटली, कायदा बदलला, तेव्हा त्या वचनांचे मोलही पालटले. आज वतनाच्या जागी टपालखात्याचे पासबुक आले आहे, खंडाच्या जागी मुदतठेवीचे व्याज आले आहे, चाळीच्या जागी म्युच्युअल फंडाचे युनिट आले आहे. परंतु व्यवहाराचे मूळ स्वरूप तसूभरही बदललेले नाही. म्हणून ज्याला कमी जोखमीची, कमी देखभालीची आणि नियमित उत्पन्न देणारी गुंतवणूक हवी आहे, त्याने किती टक्के मिळतात हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवून, हे वचन कोण देत आहे, ते पाळण्यासाठी लागणारा पैसा त्याच्याकडे कोठून येणार आहे आणि त्याने ते मोडलेच तर माझ्या हाती काय उरणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय नवशिक्या वाचकाच्या अंगी बाणावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत पुस्तक लिहिले आहे.

हे पुस्तक कोणासाठी आहे, तेही येथेच सांगणे इष्ट. ज्यांना बाजाराच्या चढउतारांत रस आहे, ज्यांना रोज सकाळी भावांचा तक्ता पाहावासा वाटतो, त्यांच्यासाठी अन्य ग्रंथ पुष्कळ आहेत. शाळेत शिकवणारी शिक्षिका, कारखान्यातून निवृत्त होऊ घातलेला कामगार, परगावी नोकरी करणारा मुलगा आणि गावाकडे एकटी राहणारी त्याची आई, पतीच्या पश्चात भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम हाती आल्यामुळे गोंधळून गेलेली गृहिणी, ही माणसे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होती. बेंजामिन ग्रॅहॅम या अमेरिकन अर्थपंडिताने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इंटेलिजेंट इन्व्हेस्टर’ या ग्रंथात गुंतवणूकदारांचे दोन वर्ग केले होते. त्यांपैकी मोठे नुकसान टाळावे आणि दगदग कमी व्हावी एवढीच ज्याची अपेक्षा असते, त्या सावध गुंतवणूकदाराला त्याने यत्किंचितही कमी लेखले नाही. अशा माणसाने साधे नियम ठरवून घेतले आणि ते पाळले, तर त्याचे बरे चालते, असेच त्याचे प्रतिपादन होते. या पुस्तकाचा वाचक तो आहे.

उत्पन्नाचा विचार करण्यापूर्वी मात्र मुद्दलाचा विचार झाला पाहिजे, आणि मुद्दलाचा विचार करण्यापूर्वी कर्जाचा. क्रेडिट कार्डाची थकबाकी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला वर्षाकाठी छत्तीस टक्के किंवा त्याहूनही अधिक दराने व्याज भरावे लागते; अशा माणसाने सात टक्क्यांची ठेव ठेवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने त्याचा पंचमांश परत घेणे होय. कर्ज फिटल्यावर सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक बचतखात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत सहज हाताशी असावी आणि आजारपणाच्या खर्चासाठी विम्याची तरतूद असावी. या दोन गोष्टी नसल्या की उत्तमातली उत्तम ठेवसुद्धा अडचणीच्या दिवशी मुदतीपूर्वी मोडावी लागते आणि व्याजात कपात सोसावी लागते. मग प्रश्न येतो आकड्यांचा. दरमहा वीस हजार रुपये घरबसल्या मिळावेत, अशी एखाद्याची माफक अपेक्षा असली, तर ती वर्षाला दोन लाख चाळीस हजार झाली, आणि सात टक्के दराने एवढे व्याज देणारे मुद्दल सुमारे चौतीस लाख तीस हजार रुपये होते. हा आकडा पाहून नवशिक्याचे मन खचते, आणि नेमक्या त्याच क्षणी दरमहा तीन-चार टक्क्यांचे आमिष दाखवणारा मनुष्य त्याला देवदूतासारखा वाटू लागतो. म्हणून मी प्रारंभीच स्पष्ट सांगतो की बसल्या जागेचे उत्पन्न हे दीर्घकाळच्या कष्टाच्या उत्पन्नाचे फळ आहे, त्याला पर्यायी मार्ग नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत दर वर्षी एप्रिलच्या आरंभी दीड लाख रुपये भरत गेलेल्या माणसाला, ७.१ टक्के हा दर कायम राहिल्यास, पंधरा वर्षांअखेर सुमारे चाळीस लाख अडुसष्ट हजार रुपये मिळतात. त्यांतले साडेबावीस लाख त्याने स्वतः घातलेले असतात आणि उरलेले काळाने दिलेले असतात. ज्याला वर्षाला दीड लाख झेपत नाहीत, त्याने पंधरा हजारांनी आरंभ करावा. प्रमाण तेच राहते.

आता वचन देणाऱ्यांपैकी पहिला आणि सर्वांत बळकट, म्हणजे सरकार. टपालखात्याची बचत बँक हिंदुस्थानभर १८८२ साली सुरू झाली. १८७३ चा बचत बँकांविषयीचा कायदा तिच्या मुळाशी होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, सरकारला पैशाची निकड भासली तेव्हा टपालखात्यातून रोख प्रमाणपत्रे विक्रीस आली, आणि आजची राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे ही त्याच परंपरेतली आहेत. ज्यांना नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी नाही, त्या व्यापारी, वकील, कारागीर मंडळींनाही तशी सोय मिळावी म्हणून १९६८ साली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना आली. प्रारंभी तिचा व्याजदर ४.८ टक्के होता, पुढे १९८६ पासून पुष्कळ वर्षे तो १२ टक्के राहिला आणि एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर आला; या एका योजनेचा इतिहास पाहिला तरी व्याजदर हा कोणाचा वतनी हक्क नव्हे, हे कळून चुकते. या खात्यात दरमहाचे व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर आकारले जाते, म्हणून पैसे भरावयाचे ते पाच तारखेच्या आत भरावेत. आणि खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या जप्तीच्या हुकमापासून या रकमेला संरक्षण आहे, ही गोष्ट व्यापारी माणसाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मुद्दल जमल्यानंतर नियमित उत्पन्नासाठी सरकारच्याच दोन योजना नवशिक्याला पुरेशा आहेत. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २००४ साली सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, मुदत पाच वर्षांची असते आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होते. २०२४-२५ या आर्थिक वर्षातील ८.२ टक्के दराने दहा लाखांवर तिमाहीला साडेवीस हजार रुपये पदरात पडतात. साठीच्या अलीकडच्या माणसाला टपालखात्याची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याच्या नावे नऊ लाख आणि संयुक्त खात्यात पंधरा लाख ही तिची मर्यादा, आणि ७.४ टक्के दराने नऊ लाखांवर दरमहा ५,५५० रुपये, हे तिचे उत्पन्न. या दोन्ही योजनांत खाते उघडताना जो दर असेल तोच मुदतभर कायम राहतो. सरकार हे दर दर तिमाहीस जाहीर करते, त्यामुळे वाचकाने येथील आकडे नमुन्यादाखल घ्यावेत आणि खाते उघडण्याच्या दिवशी टपालकचेरीतील ताजा दर विचारून घ्यावा. व्याज करपात्र उत्पन्नात धरले जाते, म्हणून हाती उरणारी रक्कम ज्याच्या त्याच्या करपात्रतेनुसार ठरते, एवढेही लक्षात असू द्यावे.

ज्यांना टपालखात्याच्या मर्यादेबाहेर जाऊन सरकारलाच कर्ज द्यावयाचे आहे, त्यांना नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ‘रिटेल डायरेक्ट’ या नावाने थेट दार उघडून दिले आहे. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांपासून पन्नास वर्षांच्या सरकारी रोख्यांपर्यंत सर्व प्रकार येथे दलालाशिवाय घेता येतात, आणि रोख्यांचे व्याज सहामाहीला मिळते. परंतु येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, जिच्या अज्ञानाने पुष्कळांचा हिरमोड होतो. सरकारने मुदतीअखेर मुद्दल परत देण्याचे वचन दिलेले असते. मधल्या काळात बाजारात त्या रोख्याची किंमत तीच राहील असे वचन कोणीही दिलेले नसते. देशातील व्याजदर चढले की जुन्या, कमी दराच्या रोख्यांची किंमत उतरते, आणि रोखा जितका लांब मुदतीचा तितकी ती अधिक उतरते. सबब ज्या वर्षी पैसा लागणार आहे त्याच सुमारास मुदत संपेल असा रोखा घ्यावा, म्हणजे बाजाराची चिंता करावी लागत नाही.

सरकारनंतर बँक. बँकेच्या दारावरील पाटी पाहून आपण निःशंक होतो. परंतु मुंबईच्या इतिहासाने या निःशंकतेला फार जुना धडा दिलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या पुरात बॅक-बेच्या भराव-कंपनीसारख्या अनेक कंपन्यांच्या शेअरांचे वायदे बेफाम चढत गेले. युद्ध संपले, कापूस उतरला, आणि वायदे पुरे करण्याचा १ जुलै १८६५ हा दिवस उजाडला तेव्हा शहरातील थोरथोर पेढ्या बुडाल्या. १८४० साली स्थापन झालेली, सरकारचे भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देऊन बसली होती; तीही या भोवऱ्यातून वाचली नाही, आणि १८६८ साली तिच्या जागी नवी बँक उभारावी लागली. पुढे १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या, ठेवीदारांत हाहाकार उडाला, आणि त्यातून ठेवींच्या विम्याचा कायदा जन्मास येऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे कामकाज सुरू झाले. त्या वेळी विम्याची मर्यादा दर ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९३ साली एक लाखावर आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर आली.

या शेवटच्या वाढीमागेही महाराष्ट्राने सोसलेले दुःख आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि आयुष्याची कमाई तेथे ठेवलेल्या माणसांना पहिल्या आदेशान्वये सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. त्या ठेवीदारांच्या आक्रोशानंतर विम्याची रक्कम वाढली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देण्याचे बंधन घातले गेले. यावरून नवशिक्याने दोन नियम घ्यावेत. पहिला असा की, पाच लाखांची ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून आहे; म्हणून बँकेतील ठेवी विम्याच्या मर्यादेत राहतील अशा रीतीने निरनिराळ्या बँकांत विभागाव्यात. दुसरा नियम महाराष्ट्रापुरता अधिक महत्त्वाचा आहे. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोन भिन्न संस्था आहेत, आणि पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. गावच्या पतसंस्थेने कित्येकांना अडीनडीला कर्ज दिले आहे, कित्येकांचे दुकान उभे केले आहे, तिचे हे उपकार कोणी नाकारू नयेत; परंतु अध्यक्ष ओळखीचे आहेत आणि व्याज एक-दोन टक्के अधिक आहे एवढ्या कारणाने निवृत्तीची सगळी पुंजी तेथे ठेवणे म्हणजे कोणतीही हमी नसलेल्या वचनावर म्हातारपण सोपवणे आहे. त्या अधिक टक्क्यांत जोखमीचे मोल आधीच धरलेले असते, आणि ती जोखीम ठेवीदार सोसत असतो.

येथवर आपण वचन मोडण्याच्या धोक्याचा विचार केला. आता दुसऱ्या धोक्याकडे वळले पाहिजे, जो वचन तंतोतंत पाळले गेले तरी उरतो. सरकार आणि बँक रुपयांचे वचन देतात. त्या रुपयाला बाजारात किती धान्य मिळेल याचे वचन ते देत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाच्या विदेशी हुंडणावळीपेक्षा देशातील त्याच्या क्रयशक्तीचे स्थैर्य सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, या मुद्द्याचा जो आग्रह धरला, त्याचा प्रत्यय व्याजावर जगणाऱ्या माणसाइतका दुसऱ्या कोणालाही येत नसेल. बहात्तर या संख्येला महागाईच्या दराने भागले असता किती वर्षांत किमती दुप्पट होतील याचे ढोबळ उत्तर मिळते. महागाई सहा टक्के असेल तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, म्हणजे साठाव्या वर्षी वीस हजारांचे मासिक व्याज घेऊन स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हाती बहात्तराव्या वर्षी आजच्या दहा हजारांचा बाजारहाट येतो, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाच हजारांचा. १९४० च्या भाड्यात गोठून राहिलेल्या चाळमालकाचे जे झाले, तेच सर्व पुंजी ठेवीत घालून सगळे व्याज खर्च करणाऱ्याचे होते, फक्त त्यासाठी कोणताही कायदा करावा लागत नाही.

या दुसऱ्या धोक्यावर उपाय म्हणून, आणि केवळ तेवढ्याच मर्यादेत, मी नवशिक्याला शेअर बाजाराची ओळख करून देतो. शेअरात वचन नसते, वाटा असतो. देशातील उद्योगधंदे वाढले, त्यांच्या मालाच्या किमती वाढल्या, तर वाटेकऱ्याच्या नफ्यातही वाढ होते आणि बुडाले तर नुकसानही त्याच्याच पदरी येते. एखाद-दुसऱ्या कंपनीची निवड करण्याचे ज्ञान आणि सवड ज्याच्याजवळ नाही, त्याने संपूर्ण बाजाराचाच एक लहानसा अंश घ्यावा, ही कल्पना जॉन बोगल यांनी १९७६ साली अमेरिकेत प्रथम सामान्य गुंतवणूकदारांसाठी अमलात आणली. पंधरा कोटी डॉलर जमतील या अपेक्षेने काढलेल्या त्यांच्या निर्देशांक-फंडात जेमतेम एक कोटी तेरा लाख जमले आणि वित्तव्यवसायातील जाणत्यांनी त्याला हसून उडवले. आज जगभर त्या पद्धतीने प्रचंड पैसा गुंतवला जातो. आपल्याकडे मुंबई शेअर बाजाराचा तीस कंपन्यांचा सेन्सेक्स १९८६ पासून आणि राष्ट्रीय शेअर बाजाराचा पन्नास कंपन्यांचा निफ्टी १९९६ पासून प्रसिद्ध होतो, आणि त्यांची हुबेहूब नक्कल करणारे फंड सहज उपलब्ध आहेत. त्यांत व्यवस्थापकाच्या हुशारीला वाव नसल्यामुळे खर्च अल्प असतो, आणि खर्चाचे महत्त्व पुढील हिशेबावरून पटेल : एक लाख रुपये तीस वर्षे दहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे साडेसतरा लाख होतात, नऊ टक्क्यांनी वाढले तर सव्वातेरा लाख. दरसालच्या एका टक्क्याच्या दलालीने सव्वाचार लाखांहून थोडे कमी, म्हणजे मूळ रकमेच्या चौपटीहून अधिक, खाऊन टाकले. म्हणून २०१३ पासून उपलब्ध असलेला मध्यस्थाविना घेता येणारा ‘डायरेक्ट’ प्रकारच निवडावा.

परंतु या वाट्याचा स्वभाव आधीच ओळखून असावे. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली उतरला होता. ज्यांना त्या महिन्यात घरखर्चासाठी युनिटे विकावी लागली त्यांचे नुकसान कायमचे झाले. ज्यांचा घरखर्च ठेवींच्या व्याजावर भागत होता, ते पुढच्या काही वर्षांत सावरले. शिवाय निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश अलीकडे साधारणपणे एक-दीड टक्काच असतो, तेव्हा दरमहाच्या उत्पन्नाचे साधन म्हणून त्याकडे पाहू नये. पुढील पाच-सात वर्षांत लागणारा पैसा ठेवींत व सरकारी योजनांत, आणि त्यापलीकडच्या काळासाठीचा काही अंश, सावध माणसाने पाचवा ते तिसरा हिस्सा, निर्देशांक-फंडात, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते. तरुणाने तो अंश वाढवावा, ज्याची झोप उडते त्याने घटवावा. त्यात कमीपणा मानू नये.

वचन देणाऱ्यांचा एक तिसराही वर्ग आहे, आणि त्याच्याविषयी लिहिताना माझी लेखणी कठोर झाली तर वाचकांनी क्षमा करावी, कारण या वर्गाने गरिबांची जितकी घरे उद्ध्वस्त केली तितकी बाजाराच्या कोणत्याही मंदीने केली नसतील. १९२० साली बॉस्टन शहरात चार्ल्स पोंझी नावाच्या इसमाने आंतरराष्ट्रीय टपाल-कूपनांच्या व्यापारातून पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे वचन दिले. जुन्या ठेवीदारांना तो नव्या ठेवीदारांच्या पैशांतून व्याज देत राहिला, आणि काही महिन्यांतच सारा डोलारा कोसळला. त्यानंतर नाव बदलले, निमित्त बदलले, कधी सागवानाची लागवड झाली, कधी शेळीपालन, कधी आभासी चलन; युक्ती तीच राहिली. ती ओळखण्याची एक साधी कसोटी सरकारनेच आपल्या हाती दिली आहे. किसान विकास पत्र १९८८ साली सुरू झाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. २०२४-२५ साली त्यासाठी ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागत होता. ज्या काळात सरकारची दामदुप्पट साडेनऊ वर्षांची आहे, त्या काळात दोन वर्षांत दामदुप्पट देऊ करणाऱ्याला तो नफा कोणत्या धंद्यातून येतो हे विचारावे, आणि उत्तर समजले नाही तर उठून घरी यावे.

येथे आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे, ती प्रतिष्ठित संस्थांच्या बाबतीतली. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना १९६४ पासून मध्यमवर्गाच्या विश्वासाचे प्रतीक होती. दर जुलैचा लाभांश हा कित्येक घरांत पगाराइतकाच निश्चित समजला जाई. वस्तुतः तिचा पैसा मोठ्या प्रमाणावर शेअरांत गुंतलेला होता, आणि पुनर्खरेदीची किंमत मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी बांधलेली नव्हती. जुलै २००१ मध्ये तिची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली, तेव्हा लोकांना प्रथमच कळले की ज्याला ते ठेव समजत होते ती ठेव नव्हती. पुढे सरकारला मध्ये पडावे लागले. कोणतीही योजना सुरक्षित आहे असे ऐकल्यावर तिचा पैसा आत कोठे ठेवला जातो, हे विचारल्यावाचून राहू नये, हाच त्या प्रकरणाचा बोध.

राहता राहिली देखभाल. कमी देखभालीची गुंतवणूक याचा अर्थ विसरून गेलेली गुंतवणूक असा कोणी घेऊ नये. दहा वर्षे ज्यांची विचारपूस झाली नाही अशा बँकठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या स्वतंत्र निधीत जमा होतात. वारसांना त्या मागून परत मिळू शकतात, पण त्यासाठी अशी ठेव आहे हे तरी वारसांना ठाऊक असावे लागते. वर्षातून एक दिवस या कामाला द्यावा. व्यापारी मंडळी दिवाळीत वहीपूजन करून नवा जमाखर्च मांडतात. गृहस्थाने त्याच सुमारास आपल्या सर्व ठेवींची यादी एका वहीत लिहावी, कोणती केव्हा पिकते ते मांडावे, प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे की नाही ते तपासावे, ठेवी आणि फंड यांची वाटणी फार बिघडली असेल तर ती सावरावी, आणि ती वही पत्नीला किंवा पतीला व एका जाणत्या अपत्याला दाखवून ठेवावी. पाच लाखांची एकच ठेव ठेवण्याऐवजी एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुदतीच्या एकेक लाखाच्या पाच ठेवी ठेवाव्यात आणि पिकलेली प्रत्येक ठेव पुन्हा पाच वर्षांसाठी गुंतवावी, म्हणजे दर वर्षी काही रक्कम मोकळी होते आणि व्याजदर चढो वा उतरो, सगळी पुंजी एकाच दरात अडकत नाही. व्याजातला काही भाग, साधला तर चौथा हिस्सा, पुन्हा मुद्दलात मिळवत जावा. महागाईशी झुंजण्याचा तो सर्वांत साधा मार्ग आहे.

पुढील प्रकरणे अशा क्रमाने लिहिली आहेत : प्रथम कर्ज आणि अडीअडचणीची शिल्लक, मग सरकारी योजना, मग बँका आणि ठेवविमा, मग रोखे, मग निर्देशांक-फंड, आणि शेवटी कर, नामनिर्देशन व मृत्युपत्र. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे वाचता येईल, तरी पहिले दोन वाचल्यावाचून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. तरुण वाचकाला यातले पुष्कळ संथ वाटेल. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की आपल्या पैशाची काळजी न करता आपले खरे काम, आपला व्यासंग, आपली माणसे यांच्यासाठी मन मोकळे राहावे, याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. पैशाला आयुष्याच्या मध्यभागी आणून बसवणारी गुंतवणूक कितीही नफ्याची असली तरी या हेतूला पोषक नाही. आणि ज्या व्याजावर आपण निश्चिंत होणार, ते कोण्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, कर भरणाऱ्या नागरिकाच्या कष्टांतून येते, हे स्मरण असले म्हणजे माणूस अवास्तव व्याजाची हावही धरीत नाही आणि मिळालेल्या व्याजाची उधळपट्टीही करीत नाही. हे पुस्तक वाचून एखाद्या वाचकाने आपल्या घरातील कागदपत्रे काढून प्रत्येक ठेवीवर वचन कोणाचे आहे हे एकदा नीट पाहिले, आणि जेथे उत्तर सापडत नाही तेथली रक्कम मुदत संपताच सुरक्षित ठिकाणी हलवली, तर माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.